शाळेतली लॅपटॉप ट्रॉली: पहिल्या दिवसापासून उन्हाळी सुट्टीपर्यंत

शाळेत लॅपटॉपची ट्रॉली, म्हणजे लॅपटॉप ठेवायचं आणि चार्ज करायचं चाकांचं कपाट, आली की पहिली काळजी असते, पोरं फोडतील. फोडतातही, पण वाटतं त्यापेक्षा कमी. लॅपटॉप मुलांच्या हातात दिवसातून एक-दोन तास असतो. बाकीचे बावीस तास तो ट्रॉलीत बंद असतो, आणि विदर्भातल्या खेड्यात तो बिघडतो बहुतेक तिथेच. एप्रिलच्या उकाड्यात पूर्ण भरलेली बॅटरी फुगते, उंदीर वायर कुरतडतो, डीपीवरचा (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा) न्यूट्रल तुटून जादा व्होल्टेज येतं, नाहीतर चार महिने कुणी चार्जिंगच करत नाही. म्हणून इथे वर्गातल्या शिस्तीपेक्षा खोली, वीज आणि परत ठेवण्याची पद्धत यांवर जास्त लिहिलं आहे.

हिशेबासाठी वीस लॅपटॉप, चाळीस मुलांचा वर्ग आणि चाळीस मिनिटांचा तास धरला आहे. तुमच्याकडे दहाच असतील तर आकडे निम्मे करा. क्रम तोच राहतो.

खोली आधी, ट्रॉली नंतर

ट्रॉली कुठे ठेवायची हे ती खोक्यातून काढण्याआधी ठरवा. एकदा भरली की ती हलवणं सोपं नसतं. एक लॅपटॉप साधारण दीड किलोचा, म्हणजे वीसांचे तीस किलो. त्यात लोखंडी सांगाडा आणि अडॅप्टर मिळून वजन सहज शंभर किलोच्या आसपास जातं. ट्रॉलीला चाकं असली तरी आपल्या शाळांचे उंबरठे, व्हरांड्याच्या पायऱ्या आणि उखडलेली शहाबादी फरशी चाकांच्या कामाची नाही. उंबरठ्यावर एक चाक अडकतं, मागून ढकललं की ट्रॉली पुढे कलंडते. वर्ग वेगवेगळ्या इमारतींत असतील तर ट्रॉली एका खोलीत कायमची ठेवा आणि मुलांना तिथे आणा. ट्रॉली म्हणजे चाकं लावलेलं कपाट, असं धरूनच चला.

खोली स्लॅबची हवी. टिनाच्या छपराखाली मे महिन्यात लोखंडी कपाट हात लावू देत नाही. दुमजली शाळेत वरच्या मजल्यापेक्षा खालची खोली बरी, कारण वरचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता खाली सोडतो. पश्चिमेच्या भिंतीला ट्रॉली टेकवू नका. मागे वीतभर मोकळी जागा ठेवा, म्हणजे हवा फिरेल आणि मागे काय कुरतडलं जातंय तेही दिसेल.

शालेय पोषण आहाराचा तांदूळ ज्या खोलीत आहे त्या खोलीत ट्रॉली नको. जागा कमी असते, एकच कुलपाची खोली असते, हे खरं. पण तांदूळ तिथे उंदीर, आणि उंदराला दात झिजवायला वायरही चालते. दुसरा इलाजच नसेल तर तांदूळ झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत ठेवा. ट्रॉलीच्या मागच्या बाजूला वायर आत येण्याचं भोक आणि हवेच्या फटी बारीक लोखंडी जाळीने बंद करा. जाळीचं भोक पाव इंचापेक्षा लहान हवं; तेवढ्या फटीतून उंदराचं पिल्लू सहज आत शिरतं. वायरभोवतीच्या मोकळ्या जागेत भांडी घासायची तारेची घासणी कोंबून बसवा.

आणखी एक गोष्ट आपल्याकडचीच: कूलर. मुख्याध्यापकांच्या खोलीत ट्रॉली असली की उन्हाळ्यात लॅपटॉप गार राहावेत म्हणून कूलरचं तोंड तिच्याकडे केलं जातं. त्या हवेत पाण्याचे कण असतात, आणि आपल्या विहिरी-बोअरचं पाणी क्षाराचं. चार्जिंगच्या पिना पांढऱ्या-हिरव्या पडायला एक उन्हाळा पुरतो. पंखा लावा, कूलर नको.

खिडकीला लोखंडी गज, दाराला चांगलं कुलूप आणि ट्रॉलीला वेगळं कुलूप. किल्ल्यांचे दोन जोड, एक मुख्याध्यापकांकडे आणि एक ट्रॉलीच्या प्रभारी शिक्षकाकडे. शाळा मतदान केंद्र असेल तर निवडणुकीत नेमकी हीच खोली मागितली जाते, कारण तिथे वीज आणि कुलूप दोन्ही असतं. पर्यायी जागा आधीच ठरवून ठेवा. आदल्या संध्याकाळी धावपळीत शंभर किलोची ट्रॉली हलवायला लागली की काहीतरी तुटतंच.

वीज: इथे घाई केली तर सगळं वाया

अडॅप्टरवरचं लेबल वाचा. १९ व्होल्ट, २.३७ अँपिअर लिहिलं असेल तर तो ४५ वॅटचा. १९ व्होल्ट, ३.४२ अँपिअर असेल तर ६५ वॅटचा. ६५ वॅटचे वीस म्हणजे १३०० वॅट. २३० व्होल्टने भागलं तर साडेपाच-सहा अँपिअर येतात आणि मग वाटतं, साध्या ५ अँपिअरच्या प्लगवर थोडं जास्त होईल, पण चालेल. नाही चालत. एक तर अडॅप्टर स्वतः काही वीज उष्णतेत घालवतो. दुसरं म्हणजे अशा छोट्या अडॅप्टरचा पॉवर फॅक्टर खराब असतो, त्यामुळे वायरमधून जाणारा करंट वॅटच्या हिशेबापेक्षा बराच जास्त असतो. सगळ्या बॅटऱ्या रिकाम्या असताना क्लॅम्प मीटर लावला तर दहा-बारा अँपिअरही दिसू शकतात. ट्यूबलाइटच्या दीड चौरस मिलिमीटरच्या जुन्या वायरवर आणि ढिल्या प्लगवर हे रोज दोन-तीन तास चाललं की आधी प्लगच्या पिना काळ्या पडतात, मग वास येतो.

वायरमनकडून करून घ्यायचं काम एवढं: मेन बोर्डापासून ट्रॉलीपर्यंत वेगळी लाइन, अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, १६ अँपिअरचा सॉकेट, आणि त्या लाइनला १६ अँपिअरची स्वतंत्र एमसीबी (जादा करंट गेला की आपोआप पडणारा स्विच), सी प्रकारची. बी प्रकारची टाकली तर लाइन आल्यावर वीस अडॅप्टर एकदम चालू होतात, त्या क्षणी प्रत्येकाच्या आतला कपॅसिटर भरण्यासाठी मोठा झटका घेतो आणि एमसीबी पडते. मग कुणीतरी ती सारखी पडते म्हणून ३२ अँपिअरची बसवतो. असं कधीही करू देऊ नका. एमसीबी वायर वाचवायला असते. ती मोठी केली की वायरच फ्यूज होते.

सोबत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट कुठे गळला की लाइन तोडणारा स्विच) लावा. मुलं हात लावणार असलेल्या लोखंडी कपाटाला ती हवीच. मात्र एक जाणून घ्या: प्रत्येक अडॅप्टर अर्थिंगकडे अगदी थोडा करंट सोडत असतो. वीसांचा मिळून आणि त्यात पावसाळ्यातल्या ओल्या भिंतीतला भर पडला की आरसीसीबी विनाकारण पडल्यासारखी वाटते. तेव्हा ती काढून टाकायची नाही. लॅपटॉप दोन तुकड्यांत चार्ज करायचे.

आता अर्थिंग. ट्रॉलीला किंवा लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर अर्थिंग नाही किंवा कामाचं नाही, असं समजा. मल्टिमीटरने सॉकेटमध्ये तीन मापं घ्या. फेज ते न्यूट्रल साधारण २३० व्होल्ट, फेज ते अर्थ जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. हे शेवटचं माप वीस-तीस दाखवत असेल तर वायरमनला बोलवा. काळ्या मातीत हा प्रकार उन्हाळ्यात हमखास होतो. माती सुकून भेगाळते, जमिनीतल्या पाइपला सोडते आणि संपर्क तुटतो. पावसाळ्यात तपासलेलं अर्थिंग एप्रिलमध्ये पुन्हा तपासायचं ते यासाठी. मार्चपासून आठवड्यातून एकदा अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतत चला.

स्टॅबिलायझरवर पैसे घालवू नका. लॅपटॉपचा अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतो. कमी व्होल्टेजने त्याचं काही बिघडत नाही. भीती जादा व्होल्टेजची आहे. डीपीवर किंवा खांबावर न्यूट्रल तुटला की सिंगल फेजच्या घरात-शाळेत ४०० व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो, आणि त्या वेळी जोडलेले सगळे अडॅप्टर एकाच फटक्यात जातात. त्यासाठी ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर लावा. वरची मर्यादा २६० ते २७०च्या दरम्यान ठेवा आणि लाइन परत आल्यावर तीन मिनिटं थांबून जोडणी होईल असं सेटिंग करा. लाइन आल्या-आल्या पहिली काही मिनिटं व्होल्टेज वरखाली होत असतं.

एक्स्टेंशन बोर्डाला एक्स्टेंशन बोर्ड जोडणं पूर्ण बंद. स्पाइक गार्ड लावून सगळं सुरक्षित होतं हाही गैरसमज आहे. अर्थिंग नसेल तर त्याचं निम्मं काम होतच नाही.

बिलाची धास्ती असेल तर हा हिशेब मुख्याध्यापकांना दाखवा. लॅपटॉपच्या बॅटरीवर वॅट-तास लिहिलेले असतात, साधारण ४० ते ४५. वीस बॅटऱ्या शून्यापासून पूर्ण भरल्या तरी ९०० वॅट-तास, वाया जाणारं धरून एक-सव्वा युनिट. दिवसभर चालणारा कूलर याहून जास्त खातो. इन्व्हर्टरबद्दलही याच आकड्यांवरून कळतं: १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाच्या बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास असतात, वापरता येतात त्यातले साधारण निम्मे. दहा लॅपटॉप एकदा आरामात भरतील. वीस एकदम लावले तर छोटा इन्व्हर्टर ओव्हरलोडची शिटी मारत बंद पडेल.

नंबर टाका, मगच वापरा

खोकं उघडल्याच्या दिवशी लॅपटॉप मुलांना देऊ नका. आधी प्रत्येकावर १ ते २० नंबर टाका. तोच नंबर अडॅप्टरवर, अडॅप्टरच्या वायरच्या टोकाला आणि ट्रॉलीतल्या खणावर. छापील स्टिकर उष्णतेने सुटतात आणि मुलं ते नखाने काढतात. ऑइल पेंटचा मार्कर टिकतो. दहा-दहाच्या दोन तुकड्या करून एकीला लाल, दुसरीला निळी टेप लावा. पुढे चार्जिंगला हे रंग कामी येतात.

लॅपटॉपच्या तळाशी असलेला सिरीयल नंबर जडवस्तू संग्रह नोंदवहीत आपल्या नंबरासमोर लिहा आणि तळाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. चोरी झाली तर पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न याच नंबरांचा असतो, आणि तेव्हा ते नंबर चोरीला गेलेल्या लॅपटॉपवरच असतात.

संगणकाचं नावही तसंच ठेवा, एलटी-०१ ते एलटी-२०. पडद्याच्या पार्श्वभूमीवर मोठ्या अक्षरात तोच नंबर आला तर आणखी सोय. वर्गाच्या टोकाला उभं राहून कळतं की सात नंबर भलत्याच जोडीकडे गेला आहे.

वर्गात देणं आणि परत घेणं

दोघांत एक लॅपटॉप आणि जोडी कायमची. हजेरीपटावरचे पहिले दोघे एक नंबरचे, पुढचे दोघे दोन नंबरचे. वर्ग बदलला तरी नंबराचा हिशेब लागतो: बुधवारी चौथ्या तासाला नऊ नंबरची कळ निघाली होती का, ते कुणाला विचारायचं हे माहीत असतं. दोघांतला माउस कुणाकडे आणि किती वेळ, हे शिक्षकानेच सांगायचं. दहा मिनिटांनी "बदला" म्हटलं नाही तर सगळा तास एकच जण चालवतो, बहुतेक वेळा घरी मोबाइल असलेला.

पहिला तास लॅपटॉप चालू न करता घ्या. दोन्ही हातांनी छातीशी धरून नेणं, झाकण मधोमध धरून उघडणं, बंद करण्याआधी कीबोर्डवर हात फिरवून पाहणं. कोपऱ्याला धरून उघडलं की बिजागरी पिरगळते. कीबोर्डवर पेन्सिल राहिली आणि झाकण दाबलं की पडदा गेला. पडदा फुटण्याचं सर्वांत नेहमीचं कारण हेच. लॅपटॉप खाली पडणं त्यानंतर.

पोरं टाटपट्टीवर बसत असतील तर लॅपटॉप मांडीवर किंवा सतरंजीवर ठेवू देऊ नका. हवेच्या जाळ्या खाली असतात, कापडाने त्या बुजतात आणि अर्ध्या तासात पंखा भणाणायला लागतो. लाकडी पाट किंवा बुटकं डेस्क घ्या. खिचडीनंतरच्या तासाला हात धुऊन पुसल्याशिवाय लॅपटॉप नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून. तेलकट बोटं कळांवर, मग त्यावर खडूची पूड, मग कळ चिकटते. पाण्याच्या बाटल्या दाराजवळ एका रांगेत.

ट्रॉलीपाशी दोन मॉनिटर उभे करा, तिसऱ्याला जवळ येऊ देऊ नका. पाच-पाच नंबर बोलवा, प्रत्येक जोडीतला एकच जण येईल. वीस लॅपटॉप द्यायला चार-पाच मिनिटं, सुरू व्हायला तीन, परत ठेवायला सात-आठ. चाळीसमधून हे वजा केलं तर कामाला पंचवीस मिनिटं उरतात, म्हणून वेळापत्रकात जोडतास मागून घ्या. मुख्याध्यापक नाही म्हणाले तर निदान लॅपटॉपचा तास मधल्या सुट्टीच्या आधीचा घ्या; परत ठेवण्याची घाई सुट्टीत सांडली तरी चालते. शेवटचा तास कधीच घेऊ नका. घंटा वाजल्यावर मुलं थांबत नाहीत आणि ट्रॉली अर्धवट भरलेली राहते.

परत घेण्याचा क्रम रोज एकच:

१. घंटेआधी दहा मिनिटं काम सेव्ह करून लॅपटॉप पूर्ण बंद करायचा. नुसतं झाकण लावलं तर तो झोपतो, बंद होत नाही. ट्रॉलीत बॅटरी खात आणि तापत राहतो.

२. लॅपटॉपवरचे दिवे विझेपर्यंत थांबायचं, कीबोर्डवर हात फिरवायचा, झाकण लावायचं.

३. नंबरवार पाच-पाच जण येतील. खणात ठेवायचं काम मॉनिटरचं, आणि चार्जिंगचं भोक वायरच्या बाजूला येईल अशाच बाजूने.

४. पिन सरळ घालायची, फिरवायची नाही. वीसही जोडून झाल्यावर मेन स्विच मिनिटभर चालू करून दिवे मोजायचे. वीस खण, वीस दिवे. जिथे दिवा नाही तिथे पिन अर्धवट आहे किंवा वायर गेली आहे.

५. नोंदवहीत तारीख, तास, वर्ग, किती नेले, किती परत आले, काय बिघडलं, शिक्षकाची सही. मग कुलूप.

चौथी पायरी सगळ्यांत जास्त टाळली जाते आणि तीच महागात पडते. वायर तुटते ती पिनपासून पहिल्या इंचात. लॅपटॉप खणात सरकवताना वायर मागे ओढली जाते, पिनजवळ ती काटकोनात दुमडते आणि आतली बारीक तार एकेक करून तुटते. वर रबर शाबूत दिसतं. मग वायर विशिष्ट कोनात धरली तरच दिवा लागतो. मुलं ती तशी दाबून धरतात, आणि त्यात लॅपटॉपच्या आतलं भोकही ढिलं होतं. वायरसकट अडॅप्टर नवा घेता येतो, पण ते भोक मदरबोर्डवर बसलेलं असेल तर दुरुस्ती मोठी. म्हणून प्रत्येक खणात वायरला चार बोटं ढील ठेवून बाकीची वेल्क्रो पट्टीने सांगाड्याला बांधा. तारेने किंवा घट्ट सुतळीने बांधू नका.

चार्जिंग कधी

रात्री नाही. शाळेत कुणी नसताना वीस लॅपटॉप चार्जिंगला सोडून जाणं म्हणजे आग लागली तर पहाटे कुणाला तरी धूर दिसेपर्यंत थांबणं. दुपारच्या सुट्टीपासून लाल तुकडी, त्यानंतरच्या तासांत निळी. प्रत्येकी दीड-दोन तास पुरतात. चार्जिंग चालू असताना ट्रॉलीचं दार उघडं ठेवा. नुकताच वापरलेला गरम लॅपटॉप पंधरा मिनिटं थांबून मगच चार्जिंगला.

मार्च-एप्रिलमध्ये सकाळची शाळा सुरू झाली की हे वेळापत्रक उलटं करा: सात ते नऊ चार्जिंग, नंतर तास. अकरानंतर चार्जिंग बंद. लिथियमच्या बॅटरीला ४५ अंशांवर चार्ज करणं मानवत नाही, आणि चंद्रपूर-नागपूरकडे ४५ ही बाहेरच्या सावलीतली गोष्ट आहे. बंद कपाटात त्याहून जास्त. अशा वेळी दिवा लागतो पण टक्के वाढत नाहीत, तेव्हा बॅटरी खराब झाली असं समजू नका. बऱ्याच लॅपटॉपमध्ये उष्णता वाढली की चार्जिंग आपोआप थांबतं.

बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय अनेक कंपन्यांच्या सेटिंगमध्ये किंवा बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) असते. ती चालू करा. चाळीस मिनिटांच्या तासाला ८० टक्के भरपूर झाले, आणि बॅटरीचं आयुष्य बरंच वाढतं.

सॉफ्टवेअरचं थोडक्यात

प्रत्येक लॅपटॉपवर दोन खाती: "शाळा" नावाचं प्रशासकाचं, पासवर्डसह, आणि "विद्यार्थी" नावाचं साधं, काही बसवण्याची-काढण्याची मुभा नसलेलं. प्रशासकाचं खातं कुणा शिक्षकाच्या वैयक्तिक ईमेलवर उघडू नका. बदली झाली की ते खातं त्यांच्यासोबत नव्या तालुक्यात जातं आणि वीस लॅपटॉपला कुलूप लागतं. बायोसचा आणि प्रशासकाचा पासवर्ड कागदावर लिहून सीलबंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा. प्रभार देता-घेतानाच्या यादीत त्या पाकिटाची वेगळी ओळ असू द्या.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर वीस लॅपटॉप जोडले की दिवसाचा डेटा विंडोज अपडेटच खाऊन टाकतं. वाय-फायच्या सेटिंगमध्ये मीटर्ड कनेक्शन चालू करा आणि अपडेट शनिवारी, पाच-पाच लॅपटॉपचे, शिक्षकासमोर. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ नंतर थांबली आहेत. विंडोज ११ ला आठव्या पिढीचा किंवा नंतरचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. त्यात न बसणारे लॅपटॉप भंगारात काढायची गरज नाही, विंडोजऐवजी उबुंटूसारखं लिनक्स टाका. मराठी इनस्क्रिप्ट टायपिंग त्यात आहेच.

इंटरनेटवर विसंबून तास आखू नका. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात, ती सगळ्या लॅपटॉपवर आधीच उतरवून ठेवा. लहान वर्गांना चित्रं काढायला टक्स पेंट आणि शिकण्याच्या खेळांसाठी जीकॉम्प्री पुरेसे आहेत, दोन्ही मोफत आणि इंटरनेटशिवाय चालणारे. थोडी हौस असेल तर एका लॅपटॉपवर कोलिब्री (इंटरनेटशिवाय धडे दाखवणारं सॉफ्टवेअर) बसवा आणि साध्या राउटरने बाकीचे त्याला जोडा. बाहेरची लाइन नसली तरी व्हिडिओ आणि स्वाध्याय चालतात. घरगुती राउटरवर पंधरा-वीस लॅपटॉप ही साधारण हद्द. सगळ्यांना एकदम व्हिडिओ लावायला सांगू नका.

सुट्टीनंतर ब्राउझर प्रत्येक साइटला "असुरक्षित" म्हणत असेल तर आधी तारीख बघा. बॅटरी पूर्ण उतरून पडलेल्या लॅपटॉपचं घड्याळ काही वर्षं मागे जातं आणि मग कुठलीच साइट त्याला खरी वाटत नाही. तारीख नीट केली की काम होतं. पुन्हा-पुन्हा तसंच होत असेल तर आतला सीआर २०३२ चा नाण्याएवढा सेल बदला.

दर महिन्याचं काम

एका शनिवारी तासभर पुरतो. पडदा किंचित ओलसर मऊ कापडाने, कीबोर्ड बंद लॅपटॉपवर स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. स्पिरिट पडद्याला लावू नका. जाळ्यांमधली धूळ ब्लोअरने काढताना आतला पंखा काडीने अडवून धरा, नाहीतर तो वेगाने फिरून त्याची बेअरिंग जाते. वऱ्हाडात वेचणी आणि जिनिंगच्या दिवसांत हवेतला कापसाचा बारीक तंतू पंख्यात नमद्यासारखा बसतो. तिकडे हे काम दोनदा करा.

प्रत्येक लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून बघा. डगमगतो का, टचपॅड वर आलाय का, झाकण पूर्ण लागत नाही का? असेल तर बॅटरी फुगली आहे. तो लॅपटॉप तिथेच बंद, चार्जिंग नाही, ट्रॉलीतून बाहेर. फुगलेली बॅटरी टोचून हवा काढायची नसते. वाळू भरलेल्या लोखंडी बादलीत, इमारतीपासून दूर ठेवून तालुक्याच्या दुरुस्तीवाल्याला कळवा. अशी एक वाळूची बादली ट्रॉलीच्या खोलीबाहेर कायमच असू द्या.

वीस लॅपटॉपमागे दोन अडॅप्टर आणि तीन-चार माउस जादा ठेवा. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत वर्षाच्या सुरुवातीलाच दुरुस्तीच्या खर्चाचा ठराव करून घ्या. समग्र शिक्षा योजनेच्या संयुक्त शाळा अनुदानातून हा खर्च बसवायचा असेल तर ठराव आधी, बिल नंतर.

पावसाळा आणि उन्हाळी सुट्टी

पावसाळ्यात दोनच नियम. गडगडाट सुरू झाला की मेन प्लग ओढून काढा. स्विच बंद करणं पुरत नाही. आणि आठवड्यातून एकदा तरी सगळे लॅपटॉप अर्धा तास चालू करा, म्हणजे आतली दमट हवा निघते. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या धानपट्ट्यात खणांत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि महिन्याने उन्हात वाळवून परत ठेवा.

उन्हाळी सुट्टी आपल्याकडे लांब असते. उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा विदर्भातल्या शाळा उशिरा उघडतात. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्या बॅटऱ्या ५० ते ६० टक्क्यांवर आणा. पूर्ण भरून ठेवल्या तर उष्णतेने झिजतात, रिकाम्या ठेवल्या तर दोन महिन्यांत इतक्या उतरतात की पुन्हा चार्जच घेत नाहीत. लॅपटॉप पूर्ण बंद, पिना काढलेल्या, मेन प्लग बाहेर, ट्रॉलीवर सुती चादर. प्लास्टिक नको, आत घाम धरतं. उधई लागणारी खोली असेल तर चाकांखाली विटा ठेवा. मेच्या शेवटी कुणीतरी एकदा सकाळी जाऊन टक्के बघावेत. ३०च्या खाली गेले असतील त्यांना अर्धा तास चार्जिंग. हे काम कुणाचं, ते सुट्टी लागण्याआधी नाव घालून नोंदवहीत लिहा. "सगळे मिळून बघू" असं ठरलं की कुणीच बघत नाही.

जूनअखेर शाळा उघडल्यावर मेन चालू करण्याआधी टॉर्चने मागच्या वायरी बघा. लेंड्या दिसल्या तर प्रत्येक वायर हातातून ओढून तपासा. नंतर आधी पाचच लॅपटॉप जोडा, दहा मिनिटांनी प्लगला हात लावून गरम होतोय का बघा, मग बाकीचे.

हरवलं, मेलं, काढून टाकायचं

चोरी झाली तर खोलीला हात लावू नका. पोलिसांत तक्रार, पंचनामा, सिरीयल नंबरांची यादी, आणि त्याच दिवशी केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवणं. तक्रारीची प्रत नसेल तर नोंदवहीतून ते लॅपटॉप कधीच कमी होत नाहीत आणि प्रत्येक प्रभारी शिक्षकाच्या माथी येत राहतात.

मेलेल्या लॅपटॉपचा पडदा, रॅम, कीबोर्ड दुसऱ्याला लागतो, म्हणून लगेच देऊन टाकू नका. पण सुटा भाग काढला की नोंदवहीत लिहा: चौदा नंबरचा पडदा सहा नंबरला लावला, तारीख, सही. निर्लेखनाच्या (नोंदवहीतून वस्तू अधिकृतपणे कमी करण्याच्या) वेळी तपासणारा अधिकारी पहिल्यांदा हेच विचारतो. निर्लेखन मंजूर झाल्यावर हार्ड डिस्क पुसून, बॅटरी वेगळी काढून, माल नोंदणीकृत ई-कचरा पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच द्यायचा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांचा आधार त्याला आहे. गावातल्या भंगारवाल्याला किलोवर घालू नका. पुनर्चक्रण करणाऱ्याकडून मिळालेली पावती निर्लेखनाच्या फाइलला लावा, आणि ट्रॉलीतल्या त्या खणावर नंबर तसाच ठेवून चिठ्ठी चिकटवा, "निर्लेखित", म्हणजे दिवे मोजताना एकोणीसच का हे नवीन शिक्षकाला विचारावं लागणार नाही.